आभासी यंत्र

आभासी यंत्र किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा संगणक होय. या दुसऱ्या संगणकाला स्वतःचा प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि नेटवर्क कार्ड असल्याचे त्यात चालणाऱ्या संचालन प्रणालीला भासते. प्रत्यक्षात हे घटक खऱ्या संगणकाच्या साधनसामग्रीतून वाटून दिलेले किंवा सॉफ्टवेअरने निर्माण केलेले असतात. या पद्धतीमुळे विंडोज चालू असलेल्या संगणकावरच एका खिडकीत लिनक्स चालवता येते आणि एकाच मोठ्या सर्व्हरवर अनेक स्वतंत्र प्रणाली एकाच वेळी नांदू शकतात.

आतील प्रणाली बाहेरच्या प्रणालीपासून अलग राहते, हे या तंत्राचे मुख्य वैशिष्ट्य आहे. मात्र हे अलगपण भौतिक नसून सॉफ्टवेअर आणि प्रोसेसर यांनी मिळून राखलेले असते. आभासी यंत्राचे बहुतेक फायदे आणि त्याच्या सर्व गंभीर मर्यादा याच एका गोष्टीतून उद्भवतात.

संज्ञा

ज्या खऱ्या संगणकावर आभासी यंत्र चालते त्यास यजमान म्हणतात, तर आत चालणाऱ्या प्रणालीस अतिथी म्हणतात. दोहोंच्या मध्ये राहून साधनसामग्रीचे वाटप व नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर असे नाव आहे. संचालन प्रणालीच्या गाभ्याला पूर्वी सुपरव्हायझर म्हणत असत. त्याच्याही वरचा अधिकार असणारा तो हायपरव्हायझर, अशी या शब्दामागील कल्पना आहे.

एकाच संगणकाच्या डिस्कवर दोन प्रणाली बसवून संगणक सुरू करताना त्यांपैकी एक निवडण्याच्या पद्धतीस ड्युअल बूट म्हणतात. तीत एका वेळी एकच प्रणाली चालते, म्हणून ती आभासी यंत्राहून भिन्न आहे. जावा या भाषेच्या संदर्भातही 'व्हर्च्युअल मशीन' हा शब्द वापरला जातो. परंतु ते संपूर्ण संगणकाचे रूप नसून केवळ जावा प्रोग्रॅम चालवण्याची सोय असते. प्रस्तुत लेखात संपूर्ण संचालन प्रणाली चालवू शकणाऱ्या आभासी यंत्राचाच विचार केला आहे.

इतिहास

आरंभ

या तंत्राचा उगम वैयक्तिक संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. १९६० च्या दशकात संगणक अतिशय महाग असत आणि एकाच यंत्रावर अनेकांना काम करावे लागे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात आयबीएम कंपनीचे केंब्रिज सायंटिफिक सेंटर होते. तेथे १९६४ मध्ये सीपी-४० या प्रणालीवर काम सुरू झाले आणि १९६७ च्या आरंभी ती प्रत्यक्ष वापरात आली. फेरफार केलेल्या सिस्टिम/३६० मॉडेल ४० या संगणकावर ती एकाच वेळी १४ आभासी यंत्रे चालवू शकत असे. प्रत्येक वापरकर्त्याला जणू स्वतःचा एक संपूर्ण संगणक मिळे आणि त्यावर सीएमएस ही एका व्यक्तीपुरती साधी प्रणाली चाले. एकाच्या चुकीमुळे दुसऱ्याचे काम बंद पडू नये, हा या रचनेचा मोठा लाभ होता. पुढे सीपी-६७ आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या प्रणाली आल्या. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर आज चालणारी झेड/व्हीएम ही त्याच परंपरेतील आहे.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एका शोधनिबंधात आभासी यंत्राच्या अटी शास्त्रीय स्वरूपात मांडल्या. त्यांच्या मते आभासी यंत्रातील प्रोग्रॅम खऱ्या यंत्रावर चालावा तसाच चालला पाहिजे, साधनसामग्रीवर पूर्ण नियंत्रण हायपरव्हायझरचेच असले पाहिजे आणि बहुसंख्य आज्ञा कोणाच्याही मध्यस्थीविना थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. समानता, नियंत्रण आणि कार्यक्षमता या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या तीन कसोट्या आजही प्रमाण मानल्या जातात.

वैयक्तिक संगणक

इंटेलच्या एक्स८६ घराण्यातील प्रोसेसर या कसोट्यांना उतरत नव्हते. १९८५ मध्ये आलेल्या ८०३८६ या प्रोसेसरमध्ये जुने डॉस प्रोग्रॅम स्वतंत्रपणे चालवण्याची एक सोय होती. परंतु संपूर्ण आधुनिक संचालन प्रणाली आत चालवणे त्या सोयीने शक्य नव्हते. त्यामुळे या प्रोसेसरवर आभासी यंत्र कार्यक्षमतेने चालवता येणार नाही, असा समज दीर्घकाळ रूढ होता.

ही अडचण व्हीएमवेअर या कंपनीने सोडवली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनाची पार्श्वभूमी असलेल्या या कंपनीची स्थापना १९९८ मध्ये झाली. डायान ग्रीन आणि मेंडेल रोझेनब्लम हे तिच्या संस्थापकांपैकी होत. १९९९ मध्ये तिने व्हीएमवेअर वर्कस्टेशन हे उत्पादन बाजारात आणले. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी झेन हा मुक्त स्रोत हायपरव्हायझर सादर केला. त्याच वर्षी फाब्रिस बेलार यांचा क्यूईएमयू हा प्रकल्पही पुढे आला.

इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही या नावाने प्रोसेसरमध्येच आभासी यंत्रासाठी सोय केली. तिचा आधार घेणारा केव्हीएम हा हायपरव्हायझर २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. त्याच वर्षी जर्मनीतील इनोटेक या कंपनीने व्हर्च्युअलबॉक्सची मुक्त स्रोत आवृत्ती प्रसिद्ध केली. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने इनोटेक विकत घेतली आणि २०१० मध्ये सनसह हे सॉफ्टवेअर ओरॅकलकडे गेले. मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही हा हायपरव्हायझर विंडोज सर्व्हर २००८ बरोबर आला.

कार्यपद्धती

प्रोसेसर

प्रत्येक संचालन प्रणाली आपण संगणकाची एकमेव मालक आहोत असे धरून लिहिलेली असते. स्मृतीचे नकाशे बदलणे, उपकरणांशी बोलणे, त्यांच्याकडून येणारे व्यत्यय-संकेत रोखणे ही कामे ती विशेषाधिकारी आज्ञांच्या द्वारे करते. एका संगणकावर अशा दोन मालक प्रणाली एकत्र चालवायच्या, तर त्यांपैकी एकीचा किंवा दोहोंचा अधिकार काढून घ्यावा लागतो आणि तो काढून घेतल्याचे तिला कळू न देणे आवश्यक असते.

यासाठीची मूळ युक्ती अशी : अतिथी प्रणालीला कमी अधिकाराच्या पातळीवर चालवायचे. बेरीज, तुलना, स्मृतीतून वाचन अशा सामान्य आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. अतिथीने विशेषाधिकारी आज्ञा दिली की प्रोसेसर तेथेच थांबून नियंत्रण हायपरव्हायझरकडे सोपवतो. हायपरव्हायझर त्या आज्ञेचा परिणाम केवळ आभासी यंत्रापुरता घडवून आणतो आणि अतिथीला पुढे चालू देतो. उदाहरणार्थ, अतिथीने व्यत्यय-संकेत बंद करण्यास सांगितले, तर ते खऱ्या संगणकाचे बंद होत नाहीत. त्या अतिथीकडे संकेत पोहोचवणे तेवढे थांबवले जाते.

जुन्या एक्स८६ प्रोसेसरमध्ये हीच युक्ती फसत असे. पॉपएफ या आज्ञेचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कमी अधिकाराच्या पातळीवरून या आज्ञेने व्यत्यय-संकेतांची स्थिती बदलू पाहिली, तर प्रोसेसर थांबत नसे आणि तक्रारही करत नसे. तो तेवढा बदल निमूटपणे गाळून पुढे जाई. परिणामी हायपरव्हायझरला काही घडल्याचा पत्ताच लागत नसे आणि अतिथी मात्र आपली आज्ञा पाळली गेली असे धरून चाले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेंटियम प्रोसेसरमधील अशा १७ अडचणीच्या आज्ञा दाखवून देण्यात आल्या होत्या.

यावर तीन उपाय पुढे आले. व्हीएमवेअरने अतिथीच्या गाभ्यातील आज्ञा चालण्यापूर्वीच तपासून, धोकादायक आज्ञांच्या जागी सुरक्षित आज्ञा घालण्याचे तंत्र वापरले. झेनने अतिथी प्रणालीच्या गाभ्यातच बदल केले आणि तिला अशा वेळी थेट हायपरव्हायझरकडे विनंती करायला लावले. अर्थात, ज्या प्रणालीचा स्रोत उपलब्ध आहे तिच्याच बाबतीत हे सहज शक्य होते. तिसरा उपाय प्रोसेसर बनवणाऱ्यांचा. व्हीटी-एक्स आणि एएमडी-व्ही यांनी अतिथीसाठी प्रोसेसरमध्ये एक वेगळी अवस्था निर्माण केली. तीत अतिथी आपल्या नेहमीच्या सर्वोच्च पातळीवर चालतो आणि ठरावीक प्रसंगी नियंत्रण आपोआप हायपरव्हायझरकडे येते. आजचे बहुतेक हायपरव्हायझर याच सोयीवर अवलंबून आहेत. २०१९ मधील व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.१ या आवृत्तीपासून ही सोय नसलेल्या प्रोसेसरवर चालण्याची पर्यायी व्यवस्था काढून टाकण्यात आली.

स्मृती

अतिथी प्रणाली ज्याला खरी स्मृती समजते तो वस्तुतः यजमानाच्या स्मृतीचा एक वाटा असतो. अतिथीच्या दृष्टीने शून्य क्रमांकाच्या जागी असलेली माहिती खऱ्या स्मृतीत अन्यत्र कोठेही असू शकते. म्हणून पत्त्यांचे भाषांतर दोनदा करावे लागते : आधी अतिथीच्या प्रोग्रॅमपासून अतिथीच्या कल्पित स्मृतीपर्यंत आणि नंतर तेथून यजमानाच्या खऱ्या स्मृतीपर्यंत. पूर्वी हे काम सॉफ्टवेअरने करावे लागत असल्याने वेग मंदावत असे. पुढे इंटेल व एएमडी या दोघांनीही प्रोसेसरमध्येच या दुहेरी भाषांतराची सोय केली.

डिस्क, नेटवर्क आणि इतर उपकरणे

अतिथीची डिस्क ही सहसा यजमानाच्या डिस्कवरील एक मोठी फाइल असते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीडीआय, व्हीएमवेअरमध्ये व्हीएमडीके, हायपर-व्हीमध्ये व्हीएचडीएक्स आणि क्यूईएमयूमध्ये क्यूकाऊ२ ही तिची प्रचलित स्वरूपे आहेत. ही फाइल बहुधा आवश्यकतेनुसार वाढत जाते. त्यामुळे ५० जीबीची म्हणून तयार केलेली डिस्क आरंभी यजमानावर फार थोडी जागा व्यापते. तथापि, अतिथीने आतील फाइली पुसल्या तरी यजमानावरील ही जागा सहसा आपोआप कमी होत नाही.

नेटवर्कच्या जोडणीचे तीन प्रकार सर्वत्र आढळतात. नॅट पद्धतीत अतिथी यजमानाच्या आडून इंटरनेट वापरतो आणि बाहेरून त्याच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. ब्रिज पद्धतीत तो घरातील किंवा कार्यालयातील जाळ्यावर एक स्वतंत्र संगणक म्हणून दिसतो. केवळ-यजमान पद्धतीत त्याचा संपर्क यजमान आणि त्याच जाळ्यावरील अन्य अतिथी यांच्यापुरताच राहतो.

हायपरव्हायझरचे प्रकार

थेट हार्डवेअरवर चालणाऱ्या हायपरव्हायझरला पहिला प्रकार म्हणतात. व्हीएमवेअर ईएसएक्सआय, झेन आणि हायपर-व्ही हे या गटात मोडतात. एखाद्या संचालन प्रणालीत इतर प्रोग्रॅमप्रमाणे बसवल्या जाणाऱ्या हायपरव्हायझरला दुसरा प्रकार म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन ही त्याची उदाहरणे होत. केव्हीएम लिनक्सच्या गाभ्याचाच भाग असल्याने त्याचे वर्गीकरण दोन्ही प्रकारे केले जाते.

आभासी यंत्राशी संबंधित आणखी दोन तंत्रांशी त्याची गल्लत होते. पहिले अनुकरण किंवा एम्युलेशन. यात एका जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या आज्ञांचे दुसऱ्या जातीच्या आज्ञांमध्ये भाषांतर केले जाते. २०२० पासून ॲपलने आपल्या संगणकांत एआरएम जातीचे प्रोसेसर वापरण्यास सुरुवात केली. अशा संगणकावर एआरएमसाठीचे लिनक्स वेगाने चालते, परंतु एक्स८६ साठीचे विंडोज चालवायचे झाल्यास अनुकरणाचा आधार घ्यावा लागतो आणि ते बरेच संथ असते. दुसरे तंत्र कंटेनरचे. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे ते लोकप्रिय झाले. कंटेनरमध्ये स्वतंत्र संचालन प्रणाली नसते, तर अनेक कंटेनर यजमानाचा एकच गाभा वाटून घेतात. म्हणून ते हलके व जलद असतात, पण त्यांचे अलगपण आभासी यंत्राच्या तुलनेत कमकुवत मानले जाते.

वैयक्तिक संगणकावरील वापर

विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स वापरून उबुंटू चालवणे हे विद्यार्थ्यांमध्ये प्रचलित असलेले उदाहरण आहे. प्रथम संगणकाच्या बायोस किंवा यूईएफआय मांडणीत प्रोसेसरची आभासीकरणाची सोय चालू असावी लागते. ती काही संगणकांत मुळात बंद ठेवलेली असते. एएमडीच्या प्रोसेसरसाठी ती अनेकदा एसव्हीएम या नावाखाली आढळते. त्यानंतर नवे आभासी यंत्र तयार करून त्यास स्मृती, प्रोसेसरचे गाभे आणि डिस्कची मर्यादा नेमून दिली जाते. उबुंटूची आयएसओ फाइल आभासी सीडी म्हणून जोडली की यंत्र तिच्यावरून सुरू होते आणि पुढील स्थापना खऱ्या संगणकावर होते तशीच पार पडते. स्थापनेच्या वेळी 'संपूर्ण डिस्क पुसली जाईल' अशी सूचना येते. ती केवळ आभासी डिस्कविषयी असते आणि यजमानावरील इतर फाइलींना तीमुळे धक्का लागत नाही.

स्मृतीचे वाटप करताना यजमानाचा विचार करावा लागतो. ८ जीबी स्मृतीच्या संगणकावर अतिथीला ६ जीबी दिल्यास यजमानालाच स्मृती अपुरी पडते, तो डिस्कचा आधार घेऊ लागतो आणि दोन्ही प्रणाली मंदावतात. साधारणतः निम्म्याहून अधिक स्मृती अतिथीला न देणे इष्ट समजले जाते. विंडोजवर हायपर-व्ही चालू असल्यास व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावे लागते आणि वेग घटू शकतो.

स्थापनेनंतर अतिथीत गेस्ट ॲडिशन्स नावाचा पूरक संच बसवल्यास पडद्याचा आकार खिडकीनुसार बदलतो, तसेच यजमान व अतिथी यांच्यात मजकूर आणि फाइली यांची देवाणघेवाण करता येते. हा संच नसल्यास माऊस अतिथीच्या खिडकीत अडकून राहू शकतो. तो उजव्या बाजूची कंट्रोल कळ दाबून सोडवता येतो.

आभासी यंत्राची एखाद्या क्षणीची स्थिती जपून ठेवण्याच्या सोयीस स्नॅपशॉट म्हणतात. स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ डिस्क फाइल गोठवली जाते आणि पुढील बदल वेगळ्या फाइलीत लिहिले जातात. प्रयोग फसल्यास ते बदल टाकून देऊन पूर्वस्थितीला जाता येते. मात्र स्नॅपशॉट हा बॅकअपचा पर्याय नव्हे. तो मूळ फाइलीवर विसंबून असतो. ती फाइल बिघडली किंवा यजमानाची डिस्क निकामी झाली, तर स्नॅपशॉटही निरुपयोगी ठरतात.

उपयोग

संचालन प्रणालींचा अभ्यास, सॉफ्टवेअरची अनेक प्रणालींवर चाचणी आणि संशयास्पद प्रोग्रॅमचे विश्लेषण यांसाठी आभासी यंत्रे वापरली जातात. सर्व्हरच्या क्षेत्रात त्यांचा उपयोग सर्वाधिक आहे. अनेक अर्धवट वापरातील सर्व्हरांची कामे एकाच यंत्रावर एकवटता येतात, तसेच चालू असलेले आभासी यंत्र एका खऱ्या सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येते. ॲमेझॉनने २००६ मध्ये सुरू केलेली ईसी२ ही भाड्याने संगणक देणारी सेवा आरंभी झेनवर आधारलेली होती. आजचे क्लाउड संगणन मोठ्या प्रमाणावर याच पायावर उभे आहे.

जुने सॉफ्टवेअर आणि त्यात अडकलेले दस्तऐवज जतन करणे हा आणखी एक उपयोग आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा बराच मराठी मजकूर पुण्यातील सी-डॅकचे आयएसएम किंवा मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांसारख्या सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र अक्षरसंकेतांत टंकलिखित झालेला आहे. असा मजकूर आणि त्याची पृष्ठरचना मूळ रूपात पाहण्यासाठी जुनी विंडोज प्रणाली आभासी यंत्रात चालवता येते. विंडोज एक्सपीसारख्या प्रणालीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले असल्याने अशा यंत्राची नेटवर्क जोडणी बंद ठेवणे आवश्यक ठरते. जे सॉफ्टवेअर संगणकाला जोडलेल्या कुलूपवजा उपकरणाशिवाय चालत नाही, त्याच्या बाबतीत मात्र ते उपकरण अतिथीपर्यंत पोहोचवता आले तरच हा मार्ग उपयोगी पडतो.

परवाने

आभासी यंत्रात बसवलेली प्रणाली ही परवान्याच्या दृष्टीने स्वतंत्र प्रत समजली जाते. यजमान विंडोजचा परवाना सहसा अतिथी विंडोजला लागू होत नाही. मॅकओएसच्या परवान्यानुसार ती प्रणाली केवळ ॲपलच्या संगणकांवरच आभासी यंत्रात चालवण्यास मुभा आहे. लिनक्सच्या बहुतेक वितरणांना असे बंधन नाही.

सुरक्षितता आणि मर्यादा

अतिथीत शिरलेला घातक प्रोग्रॅम सामान्यतः अतिथीपुरताच मर्यादित राहतो. परंतु सामायिक फोल्डर, सामायिक क्लिपबोर्ड आणि ब्रिज पद्धतीची नेटवर्क जोडणी या सोयी म्हणजे त्या भिंतीत मुद्दाम ठेवलेली दारे होत. सामायिक फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी असल्यास तेथील यजमानाच्या फाइली अतिथीतील प्रोग्रॅम बदलू किंवा पुसू शकतो. घातक प्रोग्रॅमचा अभ्यास करणारे म्हणूनच या सोयी बंद ठेवतात.

भिंतीत नकळत राहिलेल्या फटीही उघडकीस आल्या आहेत. मे २०१५ मध्ये जाहीर झालेला व्हेनम हा दोष क्यूईएमयूच्या आभासी फ्लॉपी ड्राइव्हच्या नियंत्रकात होता आणि त्याद्वारे अतिथीतून बाहेर पडून यजमानावर आज्ञा चालवणे शक्य होते. तोच भाग वापरत असल्याने झेन, केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स यांनाही त्याची बाधा पोहोचली. फ्लॉपी कोणी वापरत नसताना तिच्या अनुकरणातून धोका निर्माण व्हावा, यावरून अनावश्यक आभासी उपकरणे काढून टाकण्याचे महत्त्व अधोरेखित झाले. जानेवारी २०१८ मध्ये प्रकाशात आलेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांनी दाखवले की फट हायपरव्हायझरमध्ये नसून खुद्द प्रोसेसरच्या रचनेतही असू शकते.

हे संरक्षण एकाच दिशेचे आहे, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. यजमानाचे अतिथीपासून रक्षण होते. अतिथीचे यजमानापासून होत नाही. यजमानावर ताबा असलेल्याला अतिथीची डिस्क ही एक फाइल म्हणून वाचता येते आणि त्याची स्मृतीही पाहता येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जुन्या, दुरुस्ती न केलेल्या ईएसएक्सआय सर्व्हरांना लक्ष्य केले. एक हायपरव्हायझर हाती आला की त्यावरील सर्व आभासी यंत्रांच्या फाइली एकदम कुलूपबंद करता येतात, हे त्या हल्ल्यातून दिसून आले. भाड्याच्या सर्व्हरवर संवेदनशील माहिती ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्यावर उपाय म्हणून एएमडीने एसईव्ही आणि इंटेलने टीडीएक्स ही तंत्रे विकसित केली. यांमध्ये अतिथीची स्मृती प्रोसेसरच्या आतच कूटबद्ध केली जाते आणि हायपरव्हायझरला तिचा उघड मजकूर वाचता येत नाही.